डोळ्यांपुढलं चमकणं

मीठ नुकतं धरायला लागलं होतं आणि आभाळाचा भरवसा राहिला नव्हता. ऐन उन्हाच्या दिवसांत कुठून तरी ढग यायचे, थोडा वेळ सांडायचे आणि काहीच केलं नाही अशा तोंडानं निघून जायचे. एवढ्याशा पावसानं मिठागरावर काय होतं ते तिथल्या पोरासोरांनाही कळतं. वाफ्याच्या तळाशी बसलेलं मीठ विरघळून जातं, बांधावर ओढून ठेवलेली रास खालून खचते, आणि पुन्हा खारं पाणी आत घेऊन, पुन्हा ऊन खात, पहिल्यापासून बसावं लागतं.

त्या हंगामाच्या सुरुवातीला आजूबाजूच्या बहुतेकांचं मीठ गेलं. एका घराचं राहिलं. त्या घरच्या म्हाताऱ्याला लोक ‘हवामान’ म्हणत.

हवामान बांधावर उभा राहायचा, नाक वर करायचा, दोनदा हुंगायचा आणि म्हणायचा, ‘झाका.’ मग मुलगा आणि सून हातातलं टाकून ताडपत्री ओढायला धावायचे. ऊन लख्ख असायचं. शेजारच्या वाफ्यातला टकल्या लांबूनच विचारायचा, छत्री आणू का म्हणून. आणि संध्याकाळच्या आत पाऊस यायचा. असं बऱ्याच वर्षांत बऱ्याच वेळा झालं, तेव्हा टकल्यानं थट्टा सोडली आणि आपली ताडपत्री हवामानाच्या ताडपत्रीकडे बघून घालायला लागला. म्हाताऱ्याला बसायला लोक आपल्याजवळची सावली द्यायला लागले.

पण म्हाताऱ्याच्या नाकाला पावसाचा वास कधीच आला नव्हता. कळायचं ते सुनेला.

लग्न होऊन आली त्याच हंगामात ते पहिल्यांदा उघडकीला आलं. लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढता ओढता ती थांबली आणि नवऱ्याला म्हणाली, डोळ्यांपुढं काही तरी चमकतंय. कोपऱ्यातून सुरू होतं, फुटक्या काचेच्या कडेसारखं, नागमोडी, आणि थरथरत मोठं होत जातं. मधला भाग दिसतच नाही. तुमचं अर्धं तोंड गेलंय. नवरा हसला. उन्हात पांढऱ्या मिठाकडे बघून बघून सगळ्यांचेच डोळे दिपतात. थोड्या वेळानं चमकणं गेलं आणि तिचं अर्धं डोकं ठणकायला लागलं. झोपडीत जाऊन ती ओकली. आणि मग पाऊस आला.

पुढच्या वेळी तसंच झालं. त्याच्या पुढच्या वेळीही. सासूनं आपल्या नवऱ्याच्या कानावर घातलं, म्हाताऱ्यानं सुनेला समोर बसवून सगळं विचारून घेतलं. कुठल्या डोळ्यात, केवढं, किती वेळ. दुखतं का, हे विचारायचं राहिलं. शेवटी म्हणाला, ‘हे घराचं घरात ठेवायचं. बाहेर कळलं तर दारात रांग लागेल. आणि दृष्ट लागेल ती वेगळीच.’

सासू म्हणाली, देवानं दिलेली देणगी आहे. सुनेलाही तसंच वाटलं. माहेरी तिच्याकडे कुणी दोनदा बघितलं नव्हतं. इथं तिनं फळी खाली ठेवली की तीन माणसं तिच्या तोंडाकडे बघायची. त्या बदल्यात अर्धं डोकं ठणकलं तर ठणकलं. ती झोपडीत डोळ्यांवर ओला फडका घेऊन पडून राहायची, बाहेर ताडपत्री फडफडायची, आणि सासऱ्याला लोक शाबासकी देत असलेले तिला ऐकू यायचे.

तिला एक मुलगी होती. मग एक बाळ पोटात गेलं. मग आणखी एक झालं ते रडलंच नाही, आणि त्या वेळी तिच्या अंगातून एवढं रक्त गेलं की तिला गाडीत घालून नेणाऱ्यांनी आशा सोडली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, आता काही वर्षं तरी दिवस राहता कामा नयेत. पुन्हा असं झालं तर मी काही करू शकणार नाही. नवऱ्यानं मान हलवली. तो मान हलवणाऱ्यांतलाच होता. वाईट नव्हता, पण घरात तीन खोल्यांत पाच माणसांना जागा होती, त्याच्या बोलण्याला नव्हती.

ती घरी आली तेव्हा तिला एकच भीती होती. सासऱ्याला नातू हवा होता हे खरं, पण ती भीती नव्हती. तिला स्वतःच्या अंगाची भीती बसली होती. रात्री नवऱ्याचा हात पाठीला लागला की ती ताठ व्हायची. शेवटी सासूच म्हणाली, चल, गोळ्या आणू. सासूनं स्वतः पोटची चार पुरली होती, तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. म्हाताऱ्याला मात्र सांगायचं नाही असं ठरलं.

आरोग्यकेंद्रातली नर्सबाई तरुण होती. तिनं सुनेला बाकावर बसवलं, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला, वजन केलं. मग एकेक विचारत गेली. बाळ अंगावर पितं का? तंबाखू? विडी? पायाच्या पोटरीला कधी सूज येऊन दुखलं का, एकाच पायाला? छातीत? कावीळ झाली होती का? कुणाला घरात लकव्याचा झटका? दुसरी कुठली औषधं चालू आहेत? सून नाही, नाही म्हणत गेली आणि सगळं खरं होतं.

मग नर्सबाईनं विचारलं, ‘डोकं दुखतं? अर्धशिशी? दुखायच्या आधी डोळ्यांपुढं चमकतं का? नागमोडी, काचेसारखं?’

सुनेनं सासूकडे बघितलं. सासू आपल्या पायांकडे बघत होती. मिठानं चिरलेल्या टाचा, त्यांत मळ भरलेला. तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

या बाईला ते कसं ठाऊक, हे सुनेला कळेना. घरातल्या चौघांशिवाय कुणाला माहीत नसलेली गोष्ट ती कागदावरून वाचल्यासारखी विचारत होती. ‘हो’ म्हटलं असतं तर सासऱ्याचं नाक उघडं पडलं असतं. बाहेर बाकावर टकल्याची बायको बसली होती आणि दाराला पडदाच होता. शिवाय तो आजार आहे असं तिच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं. आजार म्हणजे ताप, आजार म्हणजे खोकला.

‘नाही,’ ती म्हणाली.

नर्सबाईनं गोळ्यांचं पाकीट दिलं. रोज एक, ठरल्या वेळी. विसरली तर आठवल्याबरोबर घ्यायची. घेतल्याबरोबर उलटी झाली तर दुसरी घ्यायची. पायाला सूज आली, धाप लागली, डोकं कधी नव्हे तसं दुखलं, डोळ्यांपुढं चमकलं, अंगाची एक बाजू बधीर झाली, तर गोळी बंद करून त्याच दिवशी यायचं, वाट बघायची नाही. सुनेनं सगळं मान खाली घालून ऐकलं. गोळीखेरीज दुसरेही उपाय होते, पण ते ‘हो’ म्हणणारीला सांगायचे होते. तिनं ‘नाही’ म्हटलं होतं.

दिवेलागणीला देवापुढं हात जोडले की त्याच पावली ती गोळी घ्यायची. नेमाला ती पक्की होती. सासूलाही तिच्या नेमाचं कौतुक होतं. एकही गोळी चुकली नाही. एकदा गोळी पोटात जाते न जाते तोच उलटी झाली, तर तिनं सांगितल्याप्रमाणे दुसरी घेतली. हळूहळू तिच्या पाठीचा ताठरपणा गेला. नवरा बायको एकमेकांशी बोलायला लागली. एकदा तो तिच्या टाचांना तेल चोळत असताना दोघं कशाला तरी एवढी हसली की पलीकडून म्हातारा खाकरला.

पण चमकणं वाढलं.

आधी महिन्या-दोन महिन्यांतून व्हायचं, ते आता आठवड्याला व्हायला लागलं. हंगाम बिनभरवशाचा होताच, म्हणून पहिल्यांदा कुणाला काही वाटलं नाही. ती सांगायची, म्हातारा नाक वर करायचा, ताडपत्री पडायची. एकदा पाऊस आला. मग आला नाही. मग पुन्हा आला नाही. टकल्यानंही बघून बघून झाकलं, आणि उन्हात झाकलेल्या मिठाला खालून पाणी सुटलं. सुकायचं ते मीठ घामेजून बसलं. माल न्यायला आलेल्या माणसानं मूठभर उचलून दाबलं, हात झटकला आणि गाडी वळवून घेऊन गेला.

टकल्या बांधावर येऊन उभा राहिला. म्हणाला, ‘हवामान, सर्दी झाली का?’

लोक हसले. म्हाताऱ्याला सावली देणारे पहिले हसले. त्या दिवशी म्हातारा जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सुनेला हाक मारली आणि बायकोसमोर, मुलासमोर, नातीसमोर विचारलं की तिचं लक्ष कुठं असतं. ज्या दिवसापासून ती नवऱ्याशी खिदळायला लागली त्या दिवसापासून तिच्या डोळ्यांचा भरवसा गेला, असं तो म्हणाला. नवऱ्यानं मान खाली घातली. नात आजोबांकडे आणि आईकडे बघत राहिली.

त्यानंतर सुनेनं सांगणं सोडलं. चमकायला लागलं की ती फळीच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभी राहायची, मीठ नीट बसलंय का बघतेय असं दाखवायची. वाफ्यात डोळ्यांपुढं मिठाचं पांढरं आणि त्यावर ते थरथरणारं काचेचं कडं. मग ठणका. उलटी आली तर बांधामागं जाऊन यायची, वर माती लोटायची. उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायच्या, त्या ओठापर्यंत चढायच्या. खाऱ्या पाण्यात हात असला की बोटं बधीर होतातच, असं तिनं मनाशी धरलं.

सासूच्या नजरेतून ते सुटलं नाही. विहिरीवर दोघीच असताना तिनं विचारलं, खरं काय होतंय ते सांग. सुनेनं सांगितलं. सासू बादली तशीच ठेवून कठड्यावर बसली.

‘त्या पोरीनं हेच विचारलं होतं,’ ती म्हणाली. ‘उद्या जाऊ. खरं सांगू.’

‘आणि गोळी बंद केली तर?’

सासू दोराची गाठ चाचपत राहिली.

‘आत्या, मला पुन्हा दिवस गेले तर मी मरेन. डोक्यानं काय, डोकं दुखतं. दुखून राहतं. मरत नाही कुणी.’

सासूनं बादली उचलली. हंगाम संपला की जाऊ, असं दोघींनी ठरवलं. त्या दोघींतलं कुणीही मूर्ख नव्हतं. दोन भीतींपैकी जी आधी बघितली होती तिला त्या मोठी समजत होत्या, एवढंच.

हंगाम संपायला थोडेच दिवस होते. सकाळी वारा पडला होता आणि पाणी आरशासारखं पडून होतं. नवरा पलीकडच्या वाफ्यात होता. म्हातारा बांधावर. सुनेनं फळी पुढं टाकली आणि ओढली, आणि फळी आली नाही. तिनं पुन्हा ओढली. दांडा हातात होता, पण हात तिथं नव्हता. बोटं एकेक करून सुटली. फळी पाण्यात पडली. ती वाकून उचलायला गेली आणि उजवा पाय दुमडला. ती वाफ्यात बसली. चार बोटं खारं पाणी, त्यात लुगडं फुगून वर आलं.

म्हातारा जवळ आला. त्याला तिच्या डोळ्यांतली ओळखीची नजर दिसली, कुठंच न बघणारी. कित्येक दिवस त्यानं तिला विचारलं नव्हतं. आता खाली वाकून हळू आवाजात विचारलं, ‘चमकतंय का? झाकू?’

तिनं बोलायला तोंड उघडलं. तोंडातून काही तरी आलं, त्याला शब्द म्हणता आलं नसतं. एका बाजूनं ओठ हलले, दुसऱ्या बाजूनं लाळ आली.

म्हाताऱ्याला ते ‘हो’ वाटलं. त्यानं मुलाला हाक मारली. झाका म्हणाला.

आणि त्यांनी झाकलं. हे नवऱ्याला पुढं कधीच विसरता आलं नाही. बायको वाफ्यात बसलेली त्यानं पाहिली होती. दमली असेल, चमकलं की बसतेच, असं म्हणून त्यानं आधी ताडपत्रीचं टोक धरलं. मोठी रास, मग धाकटी रास. कडेला दगड ठेवले. मग तो तिच्याकडे वळला तेव्हा ती आडवी झाली होती आणि पाणी तिच्या कानाला लागलं होतं. तिचं तोंड त्याच्याकडे होतं आणि वाकडं होतं.

मिठाच्या हातगाडीवर घालून तिला रस्त्यापर्यंत नेलं. टकल्यानं मागून गाडी ढकलली. आरोग्यकेंद्रातून मोठ्या दवाखान्यात. ऊन तसंच होतं. पाऊस आला नाही.

मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर थकलेला होता. एवढ्या लहान वयात मेंदूचा रक्तपुरवठा कसा अडला, म्हणून तो विचारत होता. रक्तदाब? नाही. साखर? नाही. काही गोळ्या? नवऱ्यानं आईकडे बघितलं. म्हातारा म्हणाला, आमच्या घरात कुणी गोळ्या घेत नाही.

‘घेते,’ सासू म्हणाली.

म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं. लग्न झाल्यापासून परक्या माणसासमोर तिनं त्याचं म्हणणं कधी खोडलं नव्हतं. आता ती पदर तोंडावरून काढून बोलायला लागली. दिवस राहू नयेत म्हणून घेते. मीच आणल्या. आणि लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या डोळ्यांपुढं चमकतं, मग अर्धं डोकं दुखतं, मग ओकते. आम्ही त्यावर पाऊस ओळखायचो. नर्सबाईनं विचारलं होतं. आम्ही नाही म्हणालो. ह्यांच्या नाकासाठी नाही म्हणालो.

डॉक्टरनं लिहिणं थांबवलं. तो ओरडला नाही. म्हणाला, ज्यांना असं चमकून डोकं दुखतं त्यांना ही गोळी चालत नाही, रक्ताची गुठळी मेंदूत जायची भीती वाढते, म्हणून तर विचारतात. गोळी वाईट नाही, लाखो बायका घेतात. हिच्यासाठी नव्हती. आता पुन्हा कधीच नाही. दिवस राहू नयेत म्हणून तांबी बसवता येईल, किंवा नवऱ्याचं छोटं ऑपरेशन, माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. हे आधीही करता आलं असतं.

‘माझं करा,’ नवरा म्हणाला. बापाकडे न बघता म्हणाला.

डॉक्टर निघाला तसा म्हातारा त्याच्या मागं गेला आणि दारात, हळूच, जवळ जाऊन विचारलं, ‘साहेब, गोळ्या बंद केल्यावर ते चमकणं अजिबातच जाईल का? की थोडं राहील?’

डॉक्टरला वाटलं म्हातारा सुनेच्या काळजीनं विचारतोय. त्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि कमी होईल म्हणाला, कदाचित थोडं राहील. म्हाताऱ्यानं मान हलवली. मागं उभ्या असलेल्या मुलानं ते ऐकलं.

ती वाचली. उजवा पाय ओढत का होईना चालायला लागली. उजवा हात पोटाशी दुमडून राहिला. शब्द यायचे, पण हवा तो यायचा नाही. पाणी मागायला जायची आणि ‘दोरी’ म्हणायची, आणि चुकलं हे तिला कळायचं, त्याचंच वाईट. मुलगी तिच्यापुढं वस्तू धरायची, ती मान हलवायची. सासूनं स्वयंपाक पुन्हा अंगावर घेतला. नवरा जाऊन ऑपरेशन करून आला, आणि गुपचूप दोन दिवस बाजेवर पडला. टकल्याच्या बायकोपर्यंत ते पोचलं तेव्हा गावभर झालं, आणि वाफ्यावर त्याला ऐकवायला कुणी कमी केलं नाही. तो फळी ओढत राहिला.

पुढच्या हंगामात ती मिठागरावर यायला लागली. काम नव्हतं, पण घरात एकटी बसली की तिला कोंडल्यासारखं व्हायचं. राशीच्या सावलीत बसून डाव्या हातानं मिठातले खडे वेचायची. म्हातारा दिवसभर वाफ्यात असायचा, पण त्याची पाठ कधी तिच्याकडे नसायची.

दुपारची वेळ होती. आभाळ एका बाजूनं पांढुरकं झालं होतं, येईल की नाही सांगता येऊ नये असं. शेजारचे सगळे फळ्या थांबवून वर बघत होते. राशीजवळ तिचा डावा हात थांबला. तिनं खडा खाली टाकला, डोळे मिटले, पुन्हा उघडले. म्हाताऱ्यानं ते लांबून पाहिलं. तो बांधावर चढला. लोकांनी त्याच्याकडे पाहिलं, पण तो नाक वर करायला विसरला.

‘विचार तिला,’ तो मुलाला म्हणाला. ‘चमकतंय का विचार. रास मोठी आहे.’

मुलगा वाफ्यातून बाहेर आला आणि तिच्यापुढं उकिडवा बसला. तिचा दुमडलेला हात त्यानं हातात घेतला. मिठानं फाटलेल्या त्याच्या बोटांत ती बोटं मऊ लागत होती, काम सुटलेल्या बाईची.

‘दुखतंय का?’ त्यानं विचारलं.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, हे कुणी पहिल्यांदा विचारत होतं. तिनं शब्द शोधला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. भलताच शब्द येईल म्हणून तिनं तो आला तसा दातांत धरून ठेवला, आणि मग सोडला.

‘दुखतंय.’

बरोबर आला होता. त्यानं तिला काखेत हात घालून उठवलं.

‘काय म्हणते?’ म्हातारा बांधावरून ओरडला. टकल्या, टकल्याची बायको, सगळे ऐकत होते. ‘झाकायचं का?’

‘तिचं डोकं दुखतंय,’ मुलगा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला.

‘म्हणजे झाकायचं?’

‘म्हणजे मी तिला दवाखान्यात नेतोय.’

तिचा पाय ओढला जायचा तसा तोही पावलं आखूड टाकत होता. दोघं बांधावरून रस्त्याच्या दिशेनं गेली. म्हातारा ताडपत्रीजवळ उभा राहिला. दोन माणसांशिवाय ती ओढता येत नव्हती. मग त्यानं मान वर केली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, डोळ्यांवर हात धरून, आभाळाकडे नीट बघायला लागला. त्याला त्यातलं काहीच कळलं नाही.